‘रामाचं कार्टून?’ म्हणणाऱ्यांना तंजावरचं उत्तर

हलणारी चित्रं म्हणजे पोरांचा खेळ, अशी आपल्या घराघरांत ठाम समजूत. मग एका जपानी माणसानं अख्खं रामायणच हलत्या चित्रांत उतरवायचं ठरवलं तेव्हा काय झालं? आणि तंजावरच्या मराठी बाहुलीवाल्यांचा त्याच्याशी काय संबंध?

टीव्हीवर कार्टून लागलं की घरातली मोठी माणसं उठतात. आजोबांना पेपर आठवतो, आईला गॅसवरचं दूध. ‘चालू द्या तुमचं पोरांचं,’ म्हणत बाबा फोन घेऊन गॅलरीत जातात. मांजर उंदरामागे धावणार, उंदीर त्याच्या डोक्यात हातोडा घालणार, मांजर चपटं होऊन पुन्हा फुगणार... त्यात मोठ्यांनी बघण्यासारखं काय आहे, असा त्यांचा रोखठोक सवाल. सवाल चुकीचा नाही. पुष्कळशी कार्टून्स पोरांसाठीच काढलेली असतात. मोठ्यांना कंटाळा आला तर तो काही त्यांचा दोष नव्हे.

पण याच मोठ्यांपैकी एखादा एखाद्या दिवशी अडकतो. दारातच उभा राहून दोन मिनिटं बघतो, मग खुर्चीच्या कडेवर टेकतो आणि शेवटी पोरांनाच ‘गप्प बसा रे’ म्हणून दटावतो. अशी किमया सहसा एखादाच चित्रपट करतो. भारतातल्या कितीतरी घरांत ती केली ‘रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स रामा’ या भारतीय-जपानी चित्रपटानं. गंमत म्हणजे या चित्रपटाला सगळ्यात मोठा नकार घरातल्या आजोबांनी नव्हे, तर थेट सरकारनं दिला होता.

जपानहून आलेला रामभक्त

युगो साको हे जपानी दूरचित्रवाणीसाठी माहितीपट करणारे गृहस्थ. भारतात त्यांच्या वाऱ्या चालूच असत. पुरातत्त्वज्ञ डॉ. बी. बी. लाल उत्तर प्रदेशात रामायणाशी निगडित स्थळांचं उत्खनन करत होते. त्यावर १९८३ साली साको माहितीपट करत होते. काम करता करता रामकथेनं त्यांना असं काही धरलं, की जपानी भाषेत मिळाली तेवढी, तब्बल दहा रामायणं त्यांनी वाचून काढली. मग त्यांच्या मनात आलं, यावर चित्रपट करायचा. पण राम कोण होणार? हाडामांसाचा नट कितीही गुणी असला तरी तो शेवटी नटच. आज राम, उद्या दुसऱ्या चित्रपटात दुसराच कुणी. देवाला देवासारखं दाखवायचं तर ते चित्रातच शक्य आहे, असं साको यांचं मत पडलं.

इकडे वृत्तपत्रात या कामाची बातमी आली, तीही गैरसमजातून. विश्व हिंदू परिषदेनं दिल्लीतल्या जपानी दूतावासाला निषेधाचं पत्र धाडलं. रामायण हा भारताचा थोर राष्ट्रीय ठेवा आहे, कुणा परदेशी माणसानं त्यावर मन मानेल तसा चित्रपट काढता कामा नये, असा त्याचा आशय. साको यांनी गैरसमज दूर केला. जपानमध्ये अ‍ॅनिमेशन म्हणजे पोरखेळ मानत नाहीत, ती गंभीर कला आहे आणि या वाटेनं रामकथा जगभर जाईल, हे समजावून सांगितलं. विरोध निवळला. पण दोन देशांनी मिळून चित्रपट काढावा या प्रस्तावाला आधी अनुकूल असलेलं भारत सरकार पुढे मागे सरलं. विषय नाजूक आहे, रामायण कार्टूनमधून दाखवता येणार नाही, असं उत्तर मिळालं. ते दिवसही अयोध्येच्या वादाचे होते.

शेवटी चित्रपट जपानमध्ये तयार झाला. साको आणि कोइची सासाकी यांच्याबरोबर दिग्दर्शनाला होते आपले राम मोहन. मुंबईतल्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ पासून घडलेला हा माणूस. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’मधला तो खुमासदार चित्रमय भाग त्यांचाच. संगीत वनराज भाटिया यांचं. जपानी चित्रकारांना धोतर कसं नेसतात, नमस्कार कसा करतात, इथपासून सगळं समजावून द्यावं लागलं. साडेचारशेच्या आसपास कलावंत राबले आणि हातानं काढलेली सुमारे एक लाख चित्रं जमली. हा आकडा ऐकायला अवाढव्य वाटतो, पण हिशेब करून बघा. चित्रपट १३५ मिनिटांचा, म्हणजे ८१०० सेकंद. पडद्यावरून दर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. झाल्या १ लाख ९४ हजार ४०० चौकटी. एकेक चित्र दोन चौकटींपुरतं वापरलं तरी लाखाच्या घरात चित्रं लागतातच. तीही संगणकाविना, एकेक करून रंगवलेली.

तर प्रश्न असा होता : चित्रातला राम हलू-बोलू लागला तर त्याचं रामपण कमी होतं का? हा प्रश्न जिथे कुणाला सुचलाही नसता, असा एक मुलूख आहे. तो म्हणजे तंजावर. आणि तिथे ज्यांनी त्याचं उत्तर दिलं असतं, ते लोक मराठी बोलणारे होते.

दिव्यापुढचं चामडं

तंजावरशी आपलं नातं जुनं. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तिथे राज्य स्थापन केलं, ते १८५५ पर्यंत टिकलं. दुसऱ्या शहाजीराजांनी तिथे मराठी नाटकं लिहिली, तीही महाराष्ट्रात मराठी रंगभूमी उभी राहण्याच्या दीडशे वर्षं आधी. सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं आणि १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतींवर मराठीत कोरवून घेतला. तमिळ देशी, चोळांच्या देवळावर, लांबलचक मराठी मजकूर! तंजावरला गेलेला मराठी माणूस त्यापुढे हमखास थबकतो.

पण त्याच मंदिरात, गाभाऱ्याभोवतीच्या वरच्या मजल्यावर, आणखी एक गोष्ट आहे. राजराज चोळाच्या काळात, म्हणजे १०१० च्या आसपास, तिथे शिवाच्या नृत्याची करणं कोरली गेली. भरताच्या नाट्यशास्त्रात अशी १०८ करणं सांगितली आहेत. इथे ८१ कोरून झाली, पुढचे दगड तसेच कोरे राहिले. पाय इथे, हात तिथे, मग कंबर वळलेली... एकामागून एक बघत चाललं की डोळ्यांपुढे शिव नाचू लागतो. आजचा अ‍ॅनिमेशनवाला एखादी हालचाल काढायला बसला की आधी तिच्या मोक्याच्या मुद्रा काढतो आणि मधली चित्रं नंतर भरतो. इथे मोक्याच्या मुद्रा दगडात आहेत. मधलं भरायचं काम बघणाऱ्यावर सोडलेलं. तंजावरच्या बाजारातली मान डोलावणारी बाहुलीही याच कुळातली. बोटानं हलकेच टिचकी मारा, मान एका लयीत, कंबर दुसऱ्या लयीत हलते. मातीत जीव आला की काय असं वाटतं. ‘अ‍ॅनिमेशन’ या शब्दाचं मूळही असंच आहे : लॅटिनमधला ‘अ‍ॅनिमा’, म्हणजे श्वास, प्राण.

खरी मौज मात्र चामड्याच्या बाहुल्यांची. तमिळमध्ये या खेळाला तोलपावैक्कूत्तु म्हणतात. तोल म्हणजे चामडं, पावै म्हणजे बाहुली, कूत्तु म्हणजे नाटक. हा खेळ करणारी मंडिकर समाजाची कुटुंबं घरात मराठी बोलतात, पुरुषांच्या नावापुढे राव लावतात आणि पडद्यामागे बसले की तमिळमध्ये रामायण सांगतात. मराठे राजांच्या काळात आपले पूर्वज तंजावरला आले, असं त्यांची परंपरा सांगते. राज्य गेलं, आश्रय आटला, तशी ही कुटुंबं दक्षिणेकडे पांगली. मदुरै, तिरुनेलवेली, थेट कन्याकुमारीपर्यंत. शेजारच्या आंध्रात आणि कर्नाटकात चामड्याच्या बाहुल्या नाचवणाऱ्यांतही मराठी बोलणारी घराणी पुष्कळ आहेत. म्हणजे दक्षिणेच्या गावोगावी रात्रीच्या अंधारात राम-रावण उभे केले, त्यांतले कितीतरी हात मराठी घरांतले!

हा खेळ होतो कसा? शेळीचं कातडं कमावून इतकं पातळ करायचं की त्यातून उजेड झिरपला पाहिजे. त्यावर आकृती कापायची, दागिन्यांच्या जागी बारीक भोकं पाडायची आणि दोन्ही बाजूंनी रंगवायची. पुढे पांढरं कापड ताणलेलं, मागे दिवा. पूर्वी तेलाचा, आता विजेचा. बाहुली कापडाला टेकली की रंगीत, झळझळीत राम उमटतो. जरा मागे घेतली की मोठा आणि धूसर होतो. एकच माणूस राम, सीता, रावण, मारुती सगळ्यांचे आवाज काढतो, गातो आणि हातांनी बाहुल्याही नाचवतो. बायकामुलं पेटी आणि मृदंग सांभाळतात, पुढची बाहुली हातात देतात. रामायण एका रात्रीत संपत नाही. रोज एक भाग, असं राज्याभिषेकापर्यंत दहा-दहा रात्री चालायचं.

त्यात विनोदही भरपूर. उच्चिकुडुमी आणि उळुवत्तलैयन ही जोडगोळी मध्येच पडद्यावर घुसते, एकमेकांना बडवते, गावातल्या बड्या लोकांची टर उडवते. मांजर-उंदराच्या मारामारीचे हे चुलतभाऊच म्हणायचे. पण ही थट्टा संपली की त्याच कापडावर सीतेचं हरण होतं, आणि समोर मांडी घालून बसलेली म्हातारी माणसं डोळ्यांना पदर लावतात. राम चामड्याचा आहे, हे कुणाला ठाऊक नसतं असं थोडंच आहे? ते ठाऊक असूनच तो राम असतो.

हे ऐकून कोकणातल्या वाचकांना पिंगुळी आठवली असेल. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या या गावातले ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्याही नाचवतात आणि चित्रकथीही सांगतात. एकापुढे एक चित्र धरत कथा गायची, म्हणजे आजच्या भाषेत चित्रपटाचा कच्चा आराखडाच! तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीची पोथी जीर्ण झाली तर ती रद्दीत जात नाही, पाण्यात विसर्जित करतात. तिचा मान मूर्तीचा असतो.

कागदी राजपुत्र आणि वाटाण्याचा वेल

चामड्याची बाहुली आणि कार्टूनपट यांचं नातं जोडणं ही ओढाताण वाटेल. पण लांब जायला नको. पूर्ण लांबीचा, आज उपलब्ध असलेला जगातला सर्वात जुना अ‍ॅनिमेशनपट जर्मनीत लोटे रायनिगर या बाईंनी केला. त्याचं नाव ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स आख्मेद’, साल १९२६. काळ्या पुठ्ठ्याच्या आणि शिशाच्या पातळ पत्र्याच्या आकृती कातरायच्या, सांधे तारेनं जोडायचे, खालून उजेड सोडायचा, केसभर हलवायचं आणि एक चौकट टिपायची. पुन्हा केसभर, पुन्हा एक चौकट. असं जवळजवळ तीन वर्षं! म्हणजे निव्वळ सावल्यांचा खेळ, फक्त बाहुली नाचवणारा हात पडद्यावर कळत नाही एवढंच. सेल पद्धतही हीच. पारदर्शक पत्र्यावर एका बाजूला रेषा, दुसऱ्या बाजूला रंग. कातड्याच्या जागी प्लास्टिक आलं.

आणि नाखूश प्रेक्षकाला एका चित्रपटानं जिंकल्याचा आपल्याकडचा बहुधा सर्वात नामी किस्सा तर दादासाहेब फाळक्यांचाच. ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा चित्रपट पाहून फाळके पेटले होते. आपले राम-कृष्ण पडद्यावर कधी येणार, हा ध्यास लागला होता. पण पैसे कोण देणार? सिनेमाचा धंदा इथे कुणी केलेलाच नव्हता. तोंडी सांगून कुणाला पटेना. तेव्हा फाळक्यांनी एक कुंडी घेतली, त्यात वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा रोखला. महिनाभराहून जास्त काळ ते ठरावीक अंतरानं एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर लावलं तेव्हा मिनिटभरात बी फुटलं, अंकुर वर आला, डोलत डोलत वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ असं त्याला नाव पडलं. छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या मोजक्या मंडळींनी तो बघितला, आणि कर्ज मिळालं! ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्याआधीची ही एका मिनिटाची पुण्याई आपण विसरतो.

नाडकर्णी व्यापारी होते. भाबडे नव्हते. त्यांना पटवायला फाळक्यांनी राक्षस दाखवला नाही की आगगाडी उडवली नाही. घरच्या कुंडीतली गोष्ट दाखवली, पण डोळ्यांना कधी दिसत नाही अशी. हे मर्म आहे. मोठा माणूस नवलाईला सहसा भुलत नाही. त्याच्या ओळखीची गोष्ट, त्यानं कधी बघितली नव्हती इतकी नीट दाखवली तर तो विरघळतो. फाळक्यांना याची चव लागली असावी. पुढे त्यांनी आगपेटीतल्या काड्या नाचवणारी ‘आगकाड्यांची मौज’ आणि नाण्यांची नक्षी हलवणारा ‘लक्ष्मीचा गालिचा’ अशा गमतीही केल्या.

तीस वर्षांचा वनवास

रामायणाच्या चित्रपटानं नेमकं हेच केलं. कथा तर आजीला तोंडपाठ. पण चामड्याच्या बाहुलीवाल्याप्रमाणेच इथेही कुणी रामाची थट्टा केलेली नाही. डोळे जपानी वळणाचे टपोरे आहेत, मूळ इंग्रजी संवाद अधूनमधून पाठ म्हटल्यासारखे वाटतात, हे खरं. पण अरण्य, समुद्र, पाऊस, लंकेचं आकाश... आणि कुंभकर्ण! तो जागा होतो तो प्रसंग कुठल्याही नटाला घेऊन असा उभा राहिला नसता. त्याच्या पावलाखाली वानरसेना खरोखर मुंग्यांएवढी दिसते. इथे साको यांचं म्हणणं पटतं.

जानेवारी १९९३ मध्ये भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. पण अयोध्येतल्या घटनेला जेमतेम महिना उलटला होता. देशातलं वातावरण पेटलेलं, चित्रगृहांतून तो नीट लागलाच नाही. मग त्याला वाट सापडली ती टीव्हीवरच्या कार्टूनच्या वेळात, म्हणजे मोठी माणसं जेव्हा उठून जातात त्याच वेळात! इथे एका आवाजानं मोठं काम केलं. तेव्हाच्या हिंदी आवृत्तीत रामाला आवाज होता अरुण गोविल यांचा. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ज्या रामासाठी लोक टीव्हीला हार घालत, त्याच रामाचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू आला तर कुठली आजी आत बसेल? रावण अमरीश पुरी, निवेदन शत्रुघ्न सिन्हा. नकार द्यायला सबबच उरली नाही.

साको २०१२ मध्ये गेले, राम मोहन २०१९ मध्ये. दोघांनाही जे बघायला मिळालं नाही, ते २४ जानेवारी २०२५ रोजी घडलं. नव्यानं उजळलेली प्रत देशभरातल्या चित्रगृहांत लागली. हिंदी, इंग्रजी, तेलुगू आणि तमिळ. लहानपणी जमिनीवर बसून तो पाहिलेली मुलं आता आपल्या मुलांना घेऊन जाण्याच्या वयाची झाली होती.

तमिळ रामायणाची ही नवी आवृत्ती ज्या दक्षिणेत लागली, तिथले बाहुलीवाले मात्र अडचणीत आहेत. टीव्ही आला आणि गावातली रात्र टीव्हीपुढे जाऊ लागली. दहा रात्रींचा खेळ कुणी बोलवेना. तास-दीड तासाचा प्रयोग, शाळेत नाहीतर सरकारी महोत्सवात, एवढ्यावर पुष्कळांना भागवावं लागतं. स्वच्छतेवर, झाडं लावण्यावर खेळ बसवून द्या, असं सांगितलं जातं आणि ते बसवतातही. उच्चिकुडुमीच्या तोंडी काहीही शोभतं. मुलं दुसऱ्या कामधंद्याला लागली आहेत. घरातली मराठीही तमिळच्या पाण्यात विरघळत चालली आहे.

दक्षिणेत जाणं होईल तेव्हा होईल, पण पिंगुळी आपल्याच राज्यात आहे. गंगावणे कुटुंबानं तिथे गुरांच्या गोठ्यात कलेचं छोटंसं संग्रहालय थाटलं, तिथे बाहुल्या आणि चित्रकथी जवळून बघता येतात. तोवर एखाद्या सुट्टीच्या दुपारी घरीच ‘प्रिन्स रामा’ लावायला हरकत नाही. सव्वादोन तासांचा ऐवज आहे, चहा आधीच करून घ्यावा. आजोबांना आग्रह करू नये, दार फक्त उघडं ठेवावं. आणि कुंभकर्ण उठायच्या सुमाराला धाकट्याला मांडीवर घ्यावं, त्या वेळी मोठ्यांचं लक्ष दुसरीकडे नसेल.